व्यासपीठावरील प्रमाणभाषा आणि घरची बोली : वर्धा जिल्ह्यातील विद्यार्थी-स्पर्धांच्या निमित्ताने

१

महाविद्यालयीन वक्तृत्वस्पर्धेच्या गुणपत्रकात विषयाची मांडणी, विचारांची सुसंगती, हावभाव यांच्या जोडीला 'भाषा व उच्चार' असा एक रकाना बहुधा असतोच. परीक्षक त्या रकान्यात सहज एक आकडा लिहून जातात. परंतु तो आकडा नेमके काय मोजतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वक्त्याचे बोलणे शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्टपणे पोहोचले काय, हे त्याने मोजावयाचे, की वक्ता कोणत्या गावात व कोणत्या घरात वाढला, हे मोजावयाचे? या दोन गोष्टी वस्तुतः अगदी भिन्न आहेत. त्यांची गल्लत झाली म्हणजे आर्वी किंवा समुद्रपूर तालुक्यातील एखादी विद्यार्थिनी पहिल्या फेरीत बाद होते, आणि आपल्याला बोलता येत नाही अशी समजूत करून घेऊन पुन्हा व्यासपीठाकडे फिरकत नाही. प्रस्तुत लेखात या गल्लतीचा भाषाशास्त्रीय उलगडा करावयाचा आहे.

मराठीत सार्वजनिक वक्तृत्वाची परंपरा जुनी आहे. पुण्यातील वसंत व्याख्यानमाला १८७५ साली सुरू झाली. विद्यार्थ्यांच्या नाट्यस्पर्धांना स्वातंत्र्योत्तर काळात बहर आला. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेची पुरुषोत्तम करंडक स्पर्धा १९६३ पासून आंतरमहाविद्यालयीन एकांकिकांना व्यासपीठ देत आली आहे. वर्धा जिल्ह्यातील महाविद्यालये १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत येतात. तेव्हा येथील विद्यार्थ्याची वाट साधारणतः महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनातून विद्यापीठाच्या युवक महोत्सवाकडे आणि तेथून आंतरविद्यापीठीय स्पर्धेकडे जाते. या वाटेवर प्रत्येक टप्प्याला भाषेचे दार थोडे अरुंद होत जाते, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

२

या दाराची रचना स्पर्धांच्या नियमांतच दिसते. भारतीय विश्वविद्यालय संघाच्या राष्ट्रीय युवक महोत्सवाच्या नियमावलीत एकांकिकेसाठी जास्तीत जास्त ३० मिनिटांचा अवधी आणि ९ नटांची मर्यादा आहे. मात्र एकांकिका कोणत्याही भारतीय भाषेत करण्यास मुभा आहे, केवळ तिचा सारांश हिंदीत वा इंग्रजीत द्यावा लागतो. याउलट वक्तृत्व आणि वादविवाद या स्पर्धा हिंदी किंवा इंग्रजीतच होतात, व वक्त्याला अवघी पाच मिनिटे मिळतात. म्हणजे नाटकाला मातृभाषेचे स्वातंत्र्य आहे, भाषणाला नाही. यामागे व्यावहारिक कारण उघड आहे : अभिनय व दृश्य यांच्या आधारे परभाषेतील नाटकही परीक्षकांस उमगते, युक्तिवाद मात्र शब्दावाचून कळत नाही. तरीही परिणाम असा होतो की, नाटकात जी बोली भूषण ठरते तीच भाषणात दोष ठरते.

वर्ध्याच्या बाबतीत हा विरोध अधिकच लक्षणीय वाटतो. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये २२ व २३ तारखांस वर्ध्यात भरलेल्या शिक्षण परिषदेने शिक्षण मातृभाषेतून द्यावे असा ठराव केला, आणि नई तालीमचा पाया घातला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९३६ साली, याच गावात राष्ट्रभाषा प्रचार समितीची स्थापना झाली होती. मातृभाषेचा आग्रह आणि राष्ट्रभाषेचा प्रचार हे दोन्ही प्रवाह एकाच गावी नांदले. परंतु येथील शेतकऱ्याच्या घरी जी मराठी बोलली जाते, ती पुस्तकी मराठीहून वेगळी आहे. आणि मातृभाषा म्हणजे त्या दोहोंपैकी कोणती, हा प्रश्न मागेच राहिला.

३

वर्धा नदी ही जिल्ह्याची पश्चिम सीमा होय. नदीपलीकडे जुना वऱ्हाड प्रांत, अलीकडे नागपूरकर भोसल्यांचा मुलूख. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) वऱ्हाडी आणि नागपुरी अशी दोन नावे येतात. पण त्यांत फारसे अंतर नसल्याचेही तेथे नमूद आहे. लोकव्यवहारात दोहोंनाही 'वऱ्हाडी' म्हणण्याची प्रथा आहे, व येथेही तेच नाव वापरले आहे.

या बोलीची काही लक्षणे अशी. प्रमाणभाषेतील 'ळ' चा 'य' होतो : डोळा-डोया, काळा-काया, होळी-होयी. 'ण' चा 'न' होतो : पाणी-पानी, कोण-कोन. 'इ' व 'ई' यांच्यापूर्वीचा 'व' लोपतो : वीस-ईस, विहीर-इहीर. 'ला' या प्रत्ययाच्या जागी 'ले' येतो : मले, तुले, त्याले. चालू क्रिया 'करून राहिला' अशा रचनेने दाखविली जाते. हिंदीच्या शेजाराशी तिचा संबंध स्पष्ट आहे. पुढे करावयाच्या कामाची आज्ञा 'येजो', 'करजो' अशा रूपांनी दिली जाते, आणि 'का म्हणून' या अर्थी 'काऊन' हा शब्द रूढ आहे.

ही सर्व लक्षणे नियमबद्ध आहेत, ही यातील मुख्य गोष्ट. 'डोया' म्हणणारा मनुष्य 'डोळा' हा शब्द चुकीने उच्चारीत नसतो. तो आपल्या बोलीचा नियम बिनचूक पाळीत असतो. किंबहुना 'ये' आणि 'येजो' यांत आत्ताची आज्ञा व पुढची आज्ञा असा जो भेद ही बोली क्रियापदाच्या रूपानेच करते, त्यासाठी आजच्या प्रमाण मराठीला 'उद्या ये' असा वेगळा शब्द जोडावा लागतो. या एका बाबतीत बोलीचे व्याकरण प्रमाणभाषेहून सूक्ष्म आहे.

४

मग व्यासपीठावर चूक होते ती कशी? येथे भाषाशास्त्रातील अतिशुद्धीकरणाची कल्पना उपयोगी पडते. वऱ्हाडी बोलणाऱ्याच्या कानी 'काळा' (रंग) आणि 'काया' (शरीर) यांचा उच्चार एकच असतो. प्रमाण उच्चार शिकताना कोणत्या 'य' चा 'ळ' करावयाचा आणि कोणता तसाच ठेवावयाचा, हे त्याला नियमाने कळत नाही. प्रत्येक शब्द स्वतंत्रपणे पाठ करावा लागतो. 'न' आणि 'ण' यांचेही तसेच. घरी एकच 'न' असल्यामुळे सावध झालेला वक्ता नको तेथेही 'ण' घालतो, व 'मन' चे 'मण' होऊन बसते. श्रोते हसतात. परंतु ही चूक आळसातून आलेली नसून अतिदक्षतेतून आलेली असते. घरी, शेतात वा मित्रांत बोलताना तोच विद्यार्थी ती कधीही करणार नाही.

अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी न्यूयॉर्क शहरातील इंग्रजी उच्चारांचा जो अभ्यास १९६६ साली प्रसिद्ध केला, त्यात याच प्रकाराची छाननी आहे. स्वतःच्या बोलण्याकडे मनुष्याचे लक्ष जितके अधिक, तितका तो प्रतिष्ठित उच्चाराकडे झुकतो. आणि कनिष्ठ मध्यमवर्गातील माणसे अतिऔपचारिक प्रसंगी वरच्या वर्गालाही मागे टाकतात, असे त्यांना आढळले. स्पर्धेचे व्यासपीठ हा असाच प्रसंग होय. समोर परीक्षक, हातात घंटा, पाच मिनिटांची मुदत. वक्त्याचे लक्ष अशा वेळी विचारावरून उडून उच्चारावर खिळते, आणि दोन्ही निसटतात.

यात पाठांतराची भर पडते. बहुतेक भाषणे आधी लिहिली जातात व मग पाठ केली जातात. लिखित वाक्य डोळ्यासाठी रचलेले असते. त्यातील पोटवाक्ये एका श्वासात मावत नाहीत. श्वास नको तेथे तुटला की अर्थही तेथेच तुटतो, आणि विसरलेल्या एका शब्दासरशी पुढचे सारे भाषण अडते. याच्या उलट उदाहरण विनोबांचे आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली. 'गीता प्रवचने' हा ग्रंथ त्यातून झाला. तेथे आधी बोलणे होते, मग पुस्तक. स्पर्धेतील वक्ता नेमकी उलटी वाट चालतो.

५

बोली ही गंभीर वक्तृत्वाला अपुरी असते, हा समज विदर्भात तरी टिकणारा नाही. अमरावती जिल्ह्यात जन्मलेले गाडगे महाराज (१८७६-१९५६) यांची कीर्तने वऱ्हाडी बोलीत होत. प्रश्न विचारावा, श्रोत्यांकडून उत्तर घ्यावे, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न काढावा, अशी त्यांची रीत होती. वादविवादाच्या शास्त्रात ज्याला युक्तिवादाची बांधणी म्हणतात, ती येथे पूर्णत्वाने आढळते.

दुसरे उदाहरण खुद्द सेवाग्रामच्या रहिवाशाचे आहे. तरुणपणी लंडनमध्ये असताना गांधीजींना सभेत बोलता येत नसे; लिहून नेलेले मतही दुसऱ्याने वाचून दाखवावे लागे. निरोपाच्या भोजनप्रसंगी तर पहिल्या वाक्यापुढे त्यांची गाडी गेली नाही. या संकोचाने आपल्याला शब्दांची काटकसर शिकविली, असे त्यांनी आत्मकथेत म्हटले आहे. स्पर्धेच्या गुणपत्रकात अशा वक्त्याला काय गुण पडले असते, हे सांगावयास नको.

रंगभूमीने बोलीला अधिक न्याय दिला आहे. पुरुषोत्तम दारव्हेकर यांनी 'वऱ्हाडी माणसं' नाटकाच्या नावातच आणली. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी' (१९८५) मध्ये विदर्भातील एका देशपांडे घराण्याची पडझड येते, आणि तेथील वैदर्भी वळणाचे बोलणे दुःखाचा भार समर्थपणे पेलते. विद्यार्थ्यांच्या एकांकिकांत मात्र एक धोका संभवतो : नायक-नायिका प्रमाण मराठीत बोलतात, आणि 'काऊन' व 'मले' हे गड्याच्या वा वेंधळ्या पात्राच्या वाट्याला येतात. प्रेक्षक हशा देतात, पण ती बोली ज्यांच्या घरची आहे त्यांना त्यातून बरोबर तोच धडा मिळतो, जो वक्तृत्वाचे गुणपत्रक देत असते.

६

याचा अर्थ प्रमाणभाषा शिकवू नये असा नव्हे. सर्व मराठी भाषकांना परस्परांशी, तसेच न्यायालयाशी, वृत्तपत्राशी व ग्रंथाशी जोडणारी ती सामायिक भाषा आहे, आणि ग्रामीण विद्यार्थ्याला तिच्यापासून वंचित ठेवणे हा दुसरा अन्याय ठरेल. परंतु ती बोलीची दुरुस्त आवृत्ती म्हणून न शिकविता बोलीच्या शेजारची दुसरी भाषारीती म्हणून शिकविली पाहिजे. 'डोया चूक, डोळा बरोबर' असे सांगण्याऐवजी घरच्या 'य' पैकी कोणते शब्द प्रमाणभाषेत 'ळ' घेतात त्यांची यादी विद्यार्थ्यांकडूनच करवून घ्यावी. या सरावाने अतिशुद्धीकरण कमी होते, आणि आपली बोली नियमबद्ध आहे हेही विद्यार्थ्याला आपोआप उमगते.

परीक्षकांसाठी सूचना अशी की, 'भाषा व उच्चार' या रकान्याचे दोन भाग करावेत. पहिल्यात शब्दांची स्पष्टता, आवाजाची फेक, श्वासाचे नियोजन व विराम हे पाहावे. हे गुण कोणत्याही बोलीत असू शकतात व नसूही शकतात. दुसऱ्यात प्रसंगाला अनुरूप भाषारीतीची निवड पाहावी. निवेदनात प्रमाणभाषा योजून शेतकऱ्याचे म्हणणे त्याच्याच बोलीत सांगणारा वक्ता या दुसऱ्या भागात अधिक गुणांस पात्र ठरेल, कारण दोन रीतींवर त्याचे प्रभुत्व आहे. ज्याला एकच रीत येते, मग ती पुण्याची का असेना, त्याला तेवढे श्रेय मिळणार नाही.

स्पर्धेचा हेतू बोलणारा नागरिक घडविणे हा असेल, तर ग्रामसभेत उभे राहून विहिरीचा प्रश्न मांडणारा तरुण हा तिचा खरा विजेता होय. तेथे तो 'इहीर' म्हणाला म्हणून पाणी कमी लागत नाही. तो उभा राहील की नाही, हे मात्र महाविद्यालयाच्या सभागृहात त्याच्या पहिल्या पाच मिनिटांना मिळालेल्या वागणुकीवर पुष्कळसे अवलंबून असते.