लॅपटॉपमध्ये ब्लू-रेचा कप्पा हवा की नको?



आमच्या घरी लोखंडी कपाटात एक निळी डबी आहे. तिच्यात एक तबकडी आहे. २०१३ साली माझ्या आत्याचे लग्न झाले. तेव्हा व्हिडिओवाल्याने आत्याच्या सासरी साधी डीव्हीडी दिली आणि आमच्याकडे ही तबकडी दिली. "ही ब्लू-रे आहे, हिच्यात चित्र एकदम स्वच्छ दिसतं," असे तो म्हणाला होता म्हणे. घाणा भरताना माझी आजी जात्यावर ओव्या म्हणत होती, ते सगळे तिच्यात आहे. मी तेव्हा पाळण्यात होते. पुढे आजी वारली. तिचा आवाज मला आठवत नाही. सासरची डीव्हीडी चरे पडून खराब झाली. म्हणजे आजीचा आवाज फक्त निळ्या डबीत उरला.

गेल्या दिवाळीत चुलतदादाने कॉलेजसाठी नवा लॅपटॉप आणला. मी पळत जाऊन डबी आणली. दादाने लॅपटॉप चारी बाजूंनी फिरवून दाखवला आणि म्हणाला, "अगं, घालू कुठं? याला कप्पाच नाही." मग शेजारच्या काकांचा जुना लॅपटॉप आणला. त्याला कप्पा होता. तबकडी आत गेली, घर्र घर्र वाजली, पण पडद्यावर काहीच आले नाही. मला फार वाईट वाटले. दुसऱ्या दिवशी गुरुजींना सांगितले. गुरुजी म्हणाले, "रडून काय होणार? माहिती काढ आणि भित्तिपत्रकात लिही." म्हणून हा लेख.

तबकडी कशी वाचतात?

सीडी, डीव्हीडी आणि ब्लू-रे या तिन्ही तबकड्या १२ सेंटिमीटर रुंद असतात. दिसायला सारख्याच. तबकडीवर गोगलगाईच्या शंखासारखी, आतून बाहेर वेढे घेत जाणारी एक ओळ असते. त्या ओळीत अतिशय बारीक खुणा असतात. तबकडी फिरते, लेसरचा किरण खुणांवर पडून परत येतो आणि त्यावरून यंत्राला चित्र व आवाज कळतो.

शेतात तास जवळजवळ पाडले तर तेवढ्याच रानात जास्त ओळी बसतात ना? तसेच इथे आहे. एका मिलिमीटरात सीडीचे ६२५ वेढे बसतात, डीव्हीडीचे सुमारे १३५० आणि ब्लू-रेचे सुमारे ३१२५. म्हणून सीडीत ७०० एमबी मावते, एका थराच्या डीव्हीडीत ४.७ जीबी आणि एका थराच्या ब्लू-रेत तब्बल २५ जीबी.

पण खुणा बारीक झाल्या की किरणही बारीक लागतो. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. सीडीचा किरण ७८० नॅनोमीटर लहरीचा असतो, तो डोळ्यांना दिसत नाही. डीव्हीडीचा ६५० नॅनोमीटरचा, तांबडा. ब्लू-रेचा ४०५ नॅनोमीटरचा, निळसर जांभळा. त्यावरूनच तिचे नाव पडले. जाड सुईने बारीक मणी ओवता येत नाहीत, तसे तांबड्या किरणाला ब्लू-रे वाचता येत नाही. काकांच्या लॅपटॉपमध्ये तांबडा किरण होता. त्याचा काही दोष नव्हता.

दोन कंपन्यांची चढाओढ

२००६ साली अशा स्वच्छ चित्राच्या दोन प्रकारच्या तबकड्या बाजारात आल्या. एक ब्लू-रे, तिच्यामागे सोनी आणि इतर कंपन्या होत्या. दुसरी एचडी डीव्हीडी, तिच्यामागे तोशिबा होती. दोन्हींचा किरण निळाच, पण एकीचे यंत्र दुसरीला वाचत नसे. त्याच वर्षी तोशिबाने आपल्या कॉस्मिओ लॅपटॉपमध्ये एचडी डीव्हीडीचा कप्पा बसवला आणि सोनीने आपल्या वायो लॅपटॉपमध्ये ब्लू-रेचा.

मग काय झाले? जानेवारी २००८ मध्ये वॉर्नर ब्रदर्स या मोठ्या चित्रपट कंपनीने आपण फक्त ब्लू-रेच काढणार असे सांगितले. १९ फेब्रुवारी २००८ ला तोशिबाने हार मानली. ज्यांनी हौसेने तो महागडा लॅपटॉप घेतला होता, त्यांच्याकडे कप्पा राहिला, पण नव्या तबकड्या येईनाशा झाल्या. गाडी दारात उभी आणि रस्ताच बंद, अशी गत झाली.

कप्पा नको म्हणणारे काय म्हणतात?

पहिले, जागा आणि वजन. लॅपटॉपचा असा कप्पा साडेनऊ ते पावणेतेरा मिलिमीटर जाड असतो. आताचे लॅपटॉप वहीसारखे पातळ हवे असतात. शिवाय तबकडी फिरवायला मोटार लागते आणि ती बॅटरी खाते. ॲपल कंपनीने जानेवारी २००८ मध्ये मॅकबुक एअर आणला, त्यात कोणताच कप्पा नव्हता. ब्लू-रे तर तिने आपल्या एकाही लॅपटॉपमध्ये बसवला नाही.

दुसरे, पडदा. ब्लू-रेच्या चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके असतात. त्या काळच्या पुष्कळ लॅपटॉपचे पडदे १३६६ गुणिले ७६८ चे होते, म्हणजे साडेदहा लाखांच्या आसपास. (गुणाकार करून पाहा!) निम्मे ठिपके दिसणारच नाहीत, तर पैसे कशाला द्यायचे?

तिसरे, कुलूप. विकतच्या चित्रपटांच्या ब्लू-रेला कुलूप असते. नुसता कप्पा असून भागत नाही, ते उघडणारा वेगळा प्रोग्रॅमही विकत घ्यावा लागतो.

चौथे, आता नखाएवढ्या कार्डात ६४ जीबी मावते. म्हणजे अडीच ब्लू-रे!

हवा म्हणणारे काय म्हणतात?

त्यांचेही खोटे नाही. सगळे इंटरनेटवर मिळते असे शहरात म्हणतात. पण मोबाइलला रोज दीड जीबीचा पॅक असेल, तर २५ जीबी उतरवायला १७ दिवस लागतील, तेही रेंज असली तर. तबकडी हातात आली की काम झाले. शिवाय एकदाच लिहिता येणाऱ्या तबकडीवरचे चुकून पुसले जात नाही. पेन ड्राइव्हवरचे मात्र एक बटण चुकीचे दाबले की गेले.

माझे मत

आधी मी रागात होते. सगळ्या लॅपटॉपमध्ये कप्पा हवाच, असे मी गुरुजींना म्हटले होते. माहिती काढल्यावर माझे मत बदलले. प्रत्येक लॅपटॉपमध्ये कप्पा घालू नये. वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तूचे ओझे रोज कोण वाहणार? आपणसुद्धा पाहुण्यांसाठीचे मोठे पातेले माळ्यावर ठेवतो, रोज चुलीवर ठेवत नाही.

पण पातेले घरात असावे तर लागतेच! म्हणून कंपन्यांनी तारेने जोडायचा बाहेरचा ब्लू-रे कप्पा बनवणे बंद करू नये, असे मला वाटते. आज तो विकत मिळतो. मात्र सोनीने लिहिता येणाऱ्या ब्लू-रे तबकड्या बनवणे फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवले. उद्या वाचणारी यंत्रेही मिळेनाशी झाली, तर लोकांच्या कपाटातल्या तबकड्या नुसत्या चकचकीत ताटल्या होतील.

आमच्या तबकडीचे काय झाले?

दादाच्या कॉलेजमधल्या एका मित्राकडे बाहेरचा कप्पा होता. दादा तो दोन दिवसांसाठी मागून घेऊन आला. तार जोडली, तबकडी घातली. आमची तबकडी घरगुती होती, तिला कुलूप नव्हते. आधी मांडव दिसला, मग जाते, आणि मग आजी. आवाज जाडसर होता, मधेच खोकत होती. आई म्हणाली, "अशीच म्हणायच्या त्या." बाबा काही बोलले नाहीत, उठून ओट्यावर जाऊन बसले. थोड्या वेळाने आत आले आणि म्हणाले, "परत लाव."

दादाने लगेच तिच्या दोन नकला केल्या. एक आमच्याकडे आहे, एक आत्याकडे.

पालकांनो, तुमच्याही कपाटात लग्नाच्या, बारशाच्या तबकड्या असतील. वाचणारे यंत्र मिळते आहे तोवर त्यांच्या नकला करून घ्या आणि त्या दोन घरी ठेवा. आणि आपल्या शाळेसाठी असा एक बाहेरचा कप्पा कुणी दिला, तर साऱ्या गावाच्या उपयोगी पडेल, अशी माझी नम्र विनंती आहे.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी