पोरगं घरातही टोपी का काढत नाही?
विरळ केस : काय उपयोगाचे, काय फसवे

गडहिंग्लजच्या वस्तीत आमची आरोग्य बैठक होते, तेव्हा बहुतेक आयाबायाच येतात. बी.पी., शुगर, गुडघेदुखी यांवर बोलणे होते. मागच्या बैठकीनंतर एक माउली मागे थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, "पोरगं चोवीस वर्साचं हाय. घरातबी टोपी काढत न्हाई. क्यास लई पातळ झाल्यात म्हणतंय. पाव्हणं येणार म्हटलं की भायेरच निघून जातंय."

दुसऱ्या दिवशी पोरगा भेटला. कारखान्यात रोजंदारीवर कामाला. मोबाईलवर जाहिरात पाहून त्याने शहरातल्या एका केंद्रात केसांचे 'पॅकेज' घेतले होते. महिन्याचा पगार बारा हजार, पॅकेज तीस हजारांचे, तेही हप्त्याने. सहा वेळा जाऊन डोक्याला वाफ, तेल आणि मशीन लावून घेतले. केस होते तसेच राहिले, हप्ता मात्र अजून चालू आहे. घरात त्याने हे कोणालाच सांगितले नव्हते.

ही गोष्ट एकट्या त्याची नाही. लाजेपोटी पोरे बोलत नाहीत आणि बोलत नाहीत म्हणून फसतात. म्हणून या अंकात तरुणांच्या केसांविषयी मोकळेपणाने लिहीत आहोत. आई-वडिलांनीही वाचावे.

आधी ओळखा, मग खर्च करा

"केस पातळ झाले" असे म्हणताना त्यात चार वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात. प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे.

पहिली : केस जन्मापासूनच बारीक असतात. एकेका केसाची जाडी आपल्याला आई-वडिलांकडून मिळते. डोक्यावर केस भरपूर असूनही ते मऊ आणि चपटे बसतात, म्हणून डोके रिकामे दिसते. हा आजार नाही. असा केस कायमचा जाड करणारे तेल नाही आणि गोळीही नाही. तो दाट दिसेल असे मात्र करता येते.

दुसरी : पुरुषी टक्कल. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे सरकतात किंवा भोवऱ्यापाशी विरळ होतात. पुरुषांच्या शरीरातील एका संप्रेरकामुळे काही केसांची मुळे हळूहळू आखडतात. दर वेळी येणारा केस आधीपेक्षा बारीक आणि आखूड येतो. याची सुरुवात विशीतही होऊ शकते. "मामा टकला तर भाचा टकला" असे म्हणतात, पण हा वारसा आईकडूनही येतो आणि वडिलांकडूनही.

तिसरी : अचानक भराभर गळणे. टायफॉईड, डेंग्यू, मोठे ऑपरेशन, उपाशी राहून वजन उतरवणे किंवा घरातला मोठा धक्का, यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीत यायला लागतात. कारण मागे पडलेले असते, म्हणून माणूस शाम्पूला नाहीतर पाण्याला दोष देतो. मूळ कारण गेले की हे केस बहुतेक वेळा सहा महिन्यांच्या आसपास परत येऊ लागतात.

चौथी : चाई. रुपयाएवढा गुळगुळीत गोल डाग पडतो. चाई किड्याने होत नाही आणि एकाची दुसऱ्याला लागतही नाही. शरीराची संरक्षण करणारी शक्तीच केसांच्या मुळांवर उलटते. तिच्यावर उपचार आहेत, ते त्वचेच्या डॉक्टरांकडून घ्यावेत. पण डागावर खाज, खपली किंवा तुटलेले केस असतील तर ते गजकर्ण असू शकते. गजकर्ण मात्र पसरते.

ओळखायचे कसे? दहावीच्या हॉलतिकिटावरचा फोटो काढा आणि आजच्या फोटोशेजारी ठेवा. कपाळाची रेषा आणि भांग तेव्हाही असाच होता का? असाच असेल तर तुमचे केस मुळातच बारीक आहेत. हेही लक्षात ठेवा : डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि रोज पन्नास ते शंभर गळणे नेहमीचेच आहे. कंगव्यात चार केस दिसले म्हणून घाबरू नका.

बुलढाण्याने काय शिकवले

जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड अशा गावांत लोकांचे केस काही दिवसांतच गळू लागले. लहान मुले, कॉलेजची पोरे, बायका, कोणीच सुटले नाही. लाजेने कित्येकांनी डोकी भादरून घेतली. सुरुवातीला संशय पाण्यावर आणि शाम्पूवर गेला. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पथकाने नमुने तपासले, तेव्हा रुग्णांच्या रक्तात सेलेनियम नावाचे द्रव्य जास्त आढळले. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनीही तपासणी केली. रेशनच्या गव्हात सेलेनियम जास्त आणि रुग्णांच्या शरीरात झिंक कमी असल्याचे त्यांनी मांडले.

यातून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. केस अचानक गळणे ही कधी कधी शरीराने दिलेली खबर असते. ती डॉक्टरांपर्यंत न्यावी, सलूनमध्ये दाबून टाकू नये. एकाच गल्लीत अनेकांचे केस गळत असतील तर आशाताईंना आणि आरोग्य केंद्राला लगेच कळवा. सेलेनियम थोडे लागते, पण जास्त झाले की त्यानेच केस गळतात. म्हणून 'केसांसाठी' म्हणून मिळणाऱ्या गोळ्या मनाने खाऊ नयेत.

कमी खर्चात केस दाट दिसण्यासाठी

बारीक केसांच्या पोरांना खरा फरक इथेच पडतो.

• केस लांब ठेवून विरळ जागा झाकू नका. लांब केस वजनाने चपटे बसतात आणि डोक्याची त्वचा जास्तच दिसते. बाजूला आणि मागे बारीक, वर दोन-तीन बोटे आणि कात्रीने थोडे वर-खाली कापलेले, असे न्हावीदादांना सांगा. महिन्यातून एकदा कटिंग करा.

• बाहेर पडताना तेल चोपडू नका. तेलाने केस एकमेकांना चिकटतात आणि मधली त्वचा उघडी पडते. ओला दिसणारा जेलही तेच करतो. खोबरेल वाईट नाही, त्याने केस कमी तुटतात. पण नवीन केस उगवत नाही. रात्री थोडे लावा, सकाळी धुवा.

• अंगाच्या किंवा कपड्यांच्या साबणाने डोके धुऊ नका. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा पांढरा थर केसांवर बसतो. शाम्पूची साधी पुडी पुरते. आठवड्यातून दोन-तीनदा धुवा. भट्टीवर, ऊसतोडीला किंवा हेल्मेट घालून दिवसभर काम असेल तर रोज धुतले तरी चालते. धुतल्याने केस गळत नाहीत. सुटलेलेच केस तेव्हा हातात येतात.

• धुतल्यावर टॉवेलने खसाखसा पुसू नका, टिपून घ्या. नेहमीच्या भांगाच्या उलट बाजूला वळवून वाळवले की मुळापाशी उठाव येतो.

• कोंडा असेल तर तो आधी घालवा. किटोकोनॅझोलचा औषधी शाम्पू आठवड्यातून दोनदा, पाच मिनिटे ठेवून धुवायचा.

• काळी पूड मिळते, ती केसांवर भुरभुरली की दिवसभर दाट दिसते. लग्नकार्याला ठीक आहे. पण पावसात आणि घामात ओघळते, हे माहीत असू द्या.

• काळ्या मेंदीत आणि रंगात तीव्र ॲलर्जी करणारे रसायन असू शकते. आधी कानामागे थेंबभर लावून दोन दिवस वाट पाहा.

श्रामणेर शिबिराहून पोरे मुंडण करून येतात, तेव्हा घरची मंडळी म्हणतात, "आता केस दाट येतील." तसे होत नाही. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते, म्हणून हाताला जाड लागते, एवढेच. मूळ त्वचेच्या आत असते, वस्तरा तिथे पोहोचत नाही. शिबिराला जरूर जा, पण केस दाट व्हावेत म्हणून नको.

खरोखर काम करणारी औषधे

पुरुषी टक्कल असेल तर दोन औषधे सिद्ध आहेत.

मिनॉक्सिडिल : पाच टक्क्यांचे द्रावण, कोरड्या त्वचेवर एक मिलिलिटर, दिवसातून दोनदा. पहिल्या काही आठवड्यांत केस जास्त गळतात, त्याला घाबरून सोडू नका. गुण यायला चार ते सहा महिने लागतात. जास्त लावले म्हणून लवकर येत नाही. सर्वांनाच सारखा गुण येतो असेही नाही. आणि बंद केले की आलेले केस काही महिन्यांत परत जातात. म्हणून सुरू करण्याआधी स्वतःला विचारा : दर महिन्याचा हा खर्च कित्येक वर्षे झेपेल का? झेपणार नसेल तर न सुरू करण्यात कमीपणा नाही. हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

फिनास्टेराइड : ही गोळी फक्त डॉक्टरांच्या सल्ल्याने. काही पुरुषांत कामेच्छा कमी होते, मन उदास होते. असे झाले तर लपवू नका, डॉक्टरांना सांगा. घरात गरोदर बाई असेल तर तिने फुटलेल्या गोळीला हात लावू नये, पोटातल्या मुलग्याला धोका असतो. ही गोळी चालू असताना रक्तदानही करू नये. १४ एप्रिलच्या शिबिरात नाव देण्याआधी हे लक्षात ठेवा.

बाकी खाण्यात रोज डाळ, उसळ, शेंगदाणे आणि जमेल तसे अंडी, सुकट, नाचणी असू द्या. रक्त कमी असेल किंवा थायरॉईड बिघडले असेल तर त्याचे उपचार केल्यावर केसही सुधारतात. बायोटिनच्या गोळ्या शरीरात कमतरता नसेल तर उपयोगी पडत नाहीत. उलट थायरॉईडच्या आणि हृदयाच्या रक्ततपासणीचा निकाल चुकवू शकतात. जिममध्ये कोणी स्टिरॉइडचे इंजेक्शन देत असेल तर दूर राहा, त्याने टक्कल लवकर पडू शकते आणि इतर नुकसान वेगळेच.

इथे पैसे देऊ नका

टक्कल बरे करण्याचा आणि नवीन केस उगवण्याचा दावा कोणत्याही औषधावर करता येत नाही, असे औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या 'शेड्यूल जे'मध्ये लिहिलेले आहे. म्हणजे "महिन्यात केस, नाहीतर पैसे परत" अशी जाहिरात दिसली की तिथेच थांबावे.

केस रोपणाचे ऑपरेशन खरे आहे, पण ते ऑपरेशन आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने स्पष्ट केले की ते नोंदणीकृत आणि प्रशिक्षित डॉक्टरनेच करावे, यूट्यूब पाहून किंवा कार्यशाळेला बसून शिकलेले चालणार नाही. पार्लरमध्ये ते कधीही करून घेऊ नका. विशीत तर घाईच नको, कारण आजूबाजूचे केस पुढेही जात राहतात.

कुठे जायचे

आधी गडहिंग्लजचे उपजिल्हा रुग्णालय. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर आणि उपचार मोफत आहेत. गरज पडली तर कोल्हापूरचे सी.पी.आर. आहे, तिथे त्वचारोग विभाग आहे. गोल डाग, खपल्या, पू, अचानक गळणे, सोबत थकवा किंवा वजनात बदल, यांपैकी काहीही असेल तर उशीर करू नका.

आमच्या आजोबांच्या काळी कित्येक गावांत न्हावी आपल्या माणसांच्या डोक्याला हात लावत नसे. घरातच एकमेकांचे केस कापावे लागत. आज आपला पोरगा आरशासमोर खुर्चीत बसून हवा तसा कट सांगतो, तो हक्क मिळवलेला आहे. नीटनेटके राहावेसे वाटणे यात चूक काही नाही. चूक आहे ती त्या इच्छेचा बाजार मांडणाऱ्यांची, आणि थोडी आपलीही. "टकल्या" अशी हाक आधी घरातून, मित्रांतूनच येते. ती थांबवू या.

त्या पोराचे हॉलतिकीट आम्ही पाहिले. कपाळाची रेषा तीच होती. केस मुळातच बारीक, आजार काही नाही. आम्ही त्याला कटिंग बदलायला आणि सकाळचे तेल बंद करायला सांगितले. पॅकेजच्या पावत्या घेऊन ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार कशी करायची तेही सांगितले. परवा फुटबॉलच्या मैदानावर दिसला. टोपी नव्हती. आईला मात्र हप्त्याचे अजून सांगायचे आहे म्हणाला. आम्ही म्हटले, "आजच सांग."