दाखला आधी, अर्ज मागाहून
घरातील दिव्यांग माणसाला मिळणारी सरकारी मदत : मुळशी तालुक्यातील शेतकऱ्यांसाठी



राब भाजून झाले की पाऊस पडेपर्यंत मुळशीच्या शेतकऱ्याला थोडी उसंत असते. या उसंतीत एक काम उरकून घ्या. आपल्या घरात, भावकीत किंवा शेजारी कोणी डोळ्यांनी अधू, पायाने पांगळे, कानाने बहिरे किंवा जन्मापासून मतिमंद आहे का? असेल तर त्याचे कागद झाले आहेत का, हे पाहा. एकदा पाऊस लागला, की ताम्हिणीकडच्या आणि धरणापलीकडच्या वाड्यांतून पौडला जाऊन येण्यात अख्खा दिवस मोडतो. त्यात चालता न येणारा माणूस बरोबर असला तर विचारूच नका.

पूर्वी आपण 'अपंग' म्हणत होतो. आता सरकारी कागदावर 'दिव्यांग' असे लिहितात. नाव बदलले तसा कायदाही बदलला. १९९५ च्या कायद्यात सातच प्रकार होते. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आले. हात-पाय, डोळे, कान यांच्या जोडीला मानसिक आजार, कंपवात, सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, बुटकेपणा हेही त्यात आहेत. तेव्हा 'आमच्या पोराचे हातपाय धड आहेत, त्याला कोण दाखला देणार?' असे घरी बसून ठरवू नका. ते डॉक्टरांनी ठरवायचे आहे.

पहिला कागद : दिव्यांग दाखला आणि कार्ड

पुष्कळ मंडळी आधी पगाराचा अर्ज घेऊन कचेरीत जातात आणि 'दाखला आणा' म्हटल्यावर हात हलवीत परत येतात. म्हणून क्रम लक्षात ठेवा : दाखला आधी, अर्ज मागाहून.

दाखल्याची नोंद आता संगणकावर होते. गावाजवळच्या सेवा केंद्रात आधार कार्ड, फोटो आणि राहण्याचा पुरावा घेऊन जा. नोंद झाली की पावती मागून घ्या. त्यानंतर नेमून दिलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणीला जायचे. औषधोपचाराचे जुने कागद असतील तेवढे सगळे बरोबर न्या. डॉक्टर तपासून टक्केवारी लिहितात. मग दाखला आणि 'स्वावलंबन कार्ड' मिळते. हे कार्ड देशभर चालते.

कार्डावरच्या पट्टीचा रंग पाहा. पांढरी म्हणजे ४० टक्क्यांपेक्षा कमी, पिवळी म्हणजे ४० ते ८० च्या आत, निळी म्हणजे ८० आणि त्यावर. बहुतेक मदत ४० टक्क्यांपासून सुरू होते. हाताने लिहिलेला जुना दाखला पेटीत असेल तर त्याचीही संगणकावर नोंद करून कार्ड घ्या. काही दाखल्यांवर मुदत लिहिलेली असते. ती संपायच्या आधी पुन्हा तपासणी करून घ्या. टक्केवारी पटली नाही तर भांडत बसू नका, लेखी अपील करा. कायद्याने तो हक्क दिलेला आहे.

दरमहाचा पैसा

'संजय गांधी निराधार अनुदान योजना' १९८० सालापासून चालू आहे. त्यात ४० टक्के किंवा अधिक दिव्यांग असलेल्या माणसाला ऑक्टोबर २०२५ पासून दरमहा २,५०० रुपये धरले आहेत. त्याआधी १,५०० होते. वर्षाचे ३०,००० होतात. औषधपाण्याला आणि दवाखान्याच्या फेऱ्यांना तेवढाच आधार होतो, आणि घरातल्या त्या माणसाला दर वेळी दुसऱ्यापुढे हात पसरावा लागत नाही.

वय १८ ते ६५ च्या आत, महाराष्ट्रात किमान १५ वर्षे रहिवास आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांपर्यंत, अशा अटी आहेत. अर्ज तलाठ्याकडे किंवा पौडच्या तहसील कचेरीत द्यायचा. बरोबर दिव्यांग दाखला, वयाचा पुरावा, रहिवासाचा व उत्पन्नाचा दाखला, आधार आणि बँकेचे पासबुक लागते. पासष्टीनंतर हीच मदत 'श्रावणबाळ' योजनेतून मिळते. त्यातही दिव्यांगाला २,५०० रुपयेच आहेत.

मंजूर झाले म्हणजे काम संपले असे नाही, बरं का. दोन ठिकाणी पैसा अडतो. एक, बँकेचे खाते आधारशी जोडलेले नसले तर. दुसरे, दरवर्षीचा हयातीचा दाखला दिला नाही तर. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या बाबतीत हे हमखास राहून जाते आणि पैसे का बंद झाले ते घरात कोणालाच उमजत नाही. चिखलात आणि औताला हात झिजलेल्या माणसाचे ठसेही यंत्र कधी कधी घेत नाही. तेव्हा डोळ्यांची नोंद घ्यायला सांगा.

शेतात अपघात झाला तर : ३० दिवस मोजा

समजा, मळणी यंत्रात किंवा कडबाकुट्टीत एखाद्याचा हात गेला. घरचे लोक दवाखान्यात धावतात, पैसे उसने काढतात. महिना कसा जातो कळत नाही. आणि नेमका तोच महिना महत्त्वाचा असतो.

'गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना' एप्रिल २०२३ पासून लागू आहे. अपघातात एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा निकामी झाला तर १ लाख रुपये, दोन अवयव गेले तर २ लाख आणि मृत्यू झाल्यास वारसाला २ लाख रुपये मिळतात. वय १० ते ७५ वर्षे असावे. सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी आणि नाव नसलेला घरातला आणखी एक माणूस यात येतो. म्हणजे सातबारा नवऱ्याच्या नावावर असला आणि अपघात बायकोला झाला, तरी अर्ज करता येतो. हे पुष्कळांना ठाऊकच नाही.

रस्त्यावरचा अपघात, विजेचा धक्का, झाडावरून पडणे, जनावराचा हल्ला, सर्पदंश हे यात धरतात. दारूच्या नशेत झालेला अपघात आणि नैसर्गिक मृत्यू धरत नाहीत.

अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचा. म्हणून घरातल्या एकाने दवाखाना सांभाळावा आणि दुसऱ्याने कागद सांभाळावेत. पोलिसांत किंवा पोलीस पाटलाकडे लगेच खबर द्या, दवाखान्याचे सगळे कागद जपून ठेवा, सातबारा काढून ठेवा.

आणखी एक. वय १८ ते ७० असेल तर बँकेत 'पंतप्रधान सुरक्षा विमा' सुरू करून ठेवा. वर्षाला २० रुपये खात्यातून कापतात. अपघातात एक हात, एक पाय किंवा एक डोळा पूर्ण गेला तर १ लाख आणि मृत्यू झाल्यास २ लाख मिळतात. मेअखेर खात्यात तेवढी शिल्लक ठेवा, नाहीतर विमा तुटतो.

आपल्या ग्रामपंचायतीचे ५ टक्के

ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. मुळशीत याला अर्थ आहे. पिरंगुटकडे कारखाने झाले, धरणाच्या कडेने बंगले उठले, घरपट्टी वाढली. तुमच्या गावचे ५ टक्के म्हणजे किती आणि ते गेल्या वर्षी कशावर खर्च झाले, हे ग्रामसभेत उठून विचारा. रागाने नव्हे, सरळ विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. गावच्या दिव्यांगांची यादी ग्रामसेवकाकडे असते. आपल्या माणसाचे नाव तिच्यात आहे ना, ते पाहा.

साधने आणि प्रवास

तीनचाकी सायकल, कुबड्या, श्रवणयंत्र केंद्र सरकारच्या योजनेतून उत्पन्न पाहून मिळते. त्यासाठी शिबिरे भरतात. पंचायत समितीत चौकशी करत राहा. पुण्यात सैन्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे. तिथे नागरिकांनाही हात-पाय बसवून देतात. एसटीच्या साध्या गाडीत ४० टक्क्यांपासून दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सवलत आहे.

मतिमंद, स्वमग्न, सेरेब्रल पाल्सी झालेल्या किंवा बहुविकलांग मुलासाठी 'निरामय' हा १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे. आपल्या मागे या लेकराचे कोण पाहणार, ही काळजी ज्यांना जाळते, त्यांनी कायदेशीर पालक नेमण्याचीही चौकशी करावी. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तशी सोय आहे.

अडले तर

'सरकारी काम आणि सहा महिने थांब' ही म्हण खरी असली, तरी नुसते थांबू नका. प्रत्येक अर्जाची पोच घ्या. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. दलालाला पैसे देऊ नका. राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्तालय पुण्यातच आहे, तिथे तक्रार देता येते. दिव्यांगांसाठीचे वेगळे खातेही राज्याने ३ डिसेंबर २०२२ रोजी काढले आहे.

शेवटी एक सांगतो. पाहुणे आले की अधू पोराला आत बसवणारी घरे अजून आहेत. लोक काय म्हणतील, या भीतीने त्याचा दाखलाही काढत नाहीत. मंडळी, लाज कशाची? नांगराचा फाळ मोडला तर आपण तो लपवत नाही, लोहाराकडे नेतो. ही मदत म्हणजे भीक नव्हे, त्या माणसाचा हक्क आहे. पण रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही.

हे पत्रक वाचून झाले की चुलीत घालू नका. शेजारच्या घरात गरज असेल तर त्यांना वाचून दाखवा. आणि पाऊस पडायच्या आत एकदा पौडची फेरी करा.