नव्या संचातली चार कार्डं जुन्या डेकचं नशीब कशी बदलतात?

अंबरनाथ किंवा उल्हासनगरचे बरेच प्रवासी सकाळी मुंबईला जायचं असेल तर आधी उलट दिशेची गाडी पकडून बदलापूरला जातात. तिथून सुटणाऱ्या लोकलमध्ये बसायला जागा मिळते आणि मग त्याच गाडीने ते आपल्याच स्टेशनवरून पुढे निघतात. वरवर पाहिलं तर हा दहा-पंधरा मिनिटांचा तोटा आहे. पण पुढचा तासभर बसून जाता येत असेल तर हा तोटा परवडतो.

पोकेमॉनच्या कार्डांचा खेळ समजून घ्यायला हे उदाहरण कामाला येतं. कल्याणच्या पुढच्या या तिन्ही शहरांतल्या शाळकरी मुलांच्या दप्तरात आज ही कार्डं सापडतात. "बाबा, नवा सेट आलाय, पाकीट घेऊया ना" ही मागणी दर दोन-तीन महिन्यांनी होते. प्रश्न असा, की नव्या संचातली कार्डं आधीच्या डेकला खरंच मजबूत करतात का? करत असतील तर कशी? आणि त्यासाठी किती कार्डं लागतात?

डेक म्हणजे नक्की काय?

रमीचा कॅट ५२ पत्त्यांचा असतो आणि सगळ्यांसाठी तोच असतो. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफात १० अवतारांचे प्रत्येकी १२ असे १२० पत्ते असतात, तेही ठरलेलेच. १९९३ साली आलेल्या 'मॅजिक: द गॅदरिंग' या खेळाने ही पद्धत बदलली. या खेळात प्रत्येक खेळाडू स्वतःच्या आवडीची कार्डं निवडून आपला कॅट, म्हणजे डेक, स्वतः बांधतो. १९९६ मध्ये जपानमध्ये आलेला पोकेमॉनचा कार्डखेळही याच वाटेने गेला.

पोकेमॉनचे मुख्य नियम सोपे आहेत. डेक बरोबर ६० कार्डांचा. मूलभूत एनर्जी कार्डं सोडली तर एका नावाची जास्तीत जास्त चार कार्डं ठेवता येतात. प्रत्येक खेळाडूसमोर सहा 'प्राइझ' कार्डं पालथी ठेवलेली असतात. समोरच्याचा एक पोकेमॉन बाद केला की एक प्राइझ उचलायचं, तो 'एक्स' प्रकारचा मोठा पोकेमॉन असेल तर दोन. सहाही प्राइझ आधी उचलणारा जिंकतो.

कंपनी ठरावीक काळाने नव्या कार्डांचा संच बाजारात आणते. यालाच एक्स्पान्शन म्हणतात. खेळाचे नियम तेच राहतात, पण डेक बांधायला नवं सामान मिळतं.

एका डेकची गोष्ट

उदाहरण म्हणून चारिझार्डचा डेक घेऊ. कार्टूनमुळे हा आग ओकणारा पोकेमॉन कार्डं न खेळणाऱ्यांनाही माहीत असतो.

ऑगस्ट २०२३ मध्ये 'ऑब्सिडियन फ्लेम्स' हा संच आला. त्यात ३३० एचपीचा, म्हणजे ३३० जीव असलेला, 'चारिझार्ड एक्स' होता. छोट्या चारमँडरपासून वाढत तो मैदानात उतरला की डेकमधून तीन फायर एनर्जी शोधून लगेच लावता येतात. त्याचा हल्ला १८० नुकसान करतो, आणि समोरच्याने जितकी प्राइझ उचलली असतील त्या प्रत्येकामागे आणखी ३०. म्हणजे तुम्ही जितके मागे पडाल, तितका तुमचा चारिझार्ड भयंकर होत जातो.

त्याच संचात 'पिजिऑट एक्स' होता. तो मैदानात असला की प्रत्येक पाळीत एकदा डेकमधलं हवं ते एक कार्ड हातात घेता येतं. या दोघांच्या जोडीवर डेक उभा राहिला.

पण त्याला दोन अडचणी होत्या. पहिली वेगाची. चारिझार्ड आणि पिजिऑट दोघेही दोनदा वाढून तयार होतात. सुरुवातीलाच छोटे पोकेमॉन मैदानात आले नाहीत तर पुढचं सगळं अडतं. दुसरी अडचण हल्ल्याची. समोरच्याने एकही प्राइझ उचललेलं नसेल तर चारिझार्डचा मार फक्त १८०. समोर ३००-३३० एचपीचा मोठा पोकेमॉन असेल तर एका फटक्यात काम होत नाही. आपण मागे पडेपर्यंत वाट पाहायची, असा हा डेक होता.

पहिली दुरुस्ती: वेग

मार्च २०२४ च्या 'टेम्पोरल फोर्सेस' संचात 'बडी-बडी पॉफिन' नावाचं एक साधं आयटम कार्ड आलं. ७० किंवा त्यापेक्षा कमी एचपीचे दोन मूळ पोकेमॉन डेकमधून काढून थेट मैदानात ठेवायचे, एवढंच त्याचं काम.

हे कार्ड स्वतः कोणाला मारत नाही. पण चारमँडर आणि पिजी दोघेही या मर्यादेत बसतात. एकाच कार्डात दोन्ही रांगांची पहिली पायरी मैदानात येऊ लागली. डेकची ताकद तीच राहिली, ती दिसायला लागण्याचा वेळ मात्र कमी झाला.

दुसरी दुरुस्ती: मुद्दाम मागे पडणं

ऑगस्ट २०२४ मध्ये 'श्राउडेड फेबल' हा छोटा संच आला. त्यात 'डस्कनॉयर' नावाचा भुतासारखा पोकेमॉन होता. त्याची क्षमता विचित्र आहे. तो समोरच्या कोणत्याही एका पोकेमॉनला थेट १३० नुकसान करतो आणि त्याबरोबर स्वतः बाद होतो. म्हणजे समोरच्याला एक प्राइझ फुकट मिळतं.

वरवर हा तोट्याचा सौदा वाटतो. आता चारिझार्डबरोबर हिशेब करून पाहू. समोर ३३० एचपीचा पोकेमॉन आहे आणि समोरच्याने अजून एकही प्राइझ उचललेलं नाही.

फक्त चारिझार्डने मारलं तर १८० नुकसान. समोरच्याकडे १५० एचपी उरतात आणि तो पुढच्या पाळीत उलटा मारतो.

आता आधी डस्कनॉयर वापरला. १३० नुकसान झालं. डस्कनॉयर गेला, समोरच्याने एक प्राइझ उचललं. ते उचलताच चारिझार्डचा मार १८० वरून २१० झाला. डस्कनॉयरने वापरली ती क्षमता होती, हल्ला नव्हे, त्यामुळे त्याच पाळीत चारिझार्ड हल्ला करू शकतो. १३० अधिक २१० म्हणजे ३४०. समोरचा ३३० चा पोकेमॉन बाद, आणि तो 'एक्स' असेल तर तुम्हाला दोन प्राइझ. एक दिलं, दोन घेतली.

आधी बदलापूरला जाऊन मग मुंबईची गाडी धरण्यासारखंच हे झालं. डस्कनॉयर एरवीही कामाचा आहे, पण दिलेल्या प्राइझमुळे ज्याचा मार वाढतो अशा जोडीदाराजवळ त्याची किंमत वाढते. मागे पडण्याची वाट पाहणाऱ्या डेकला आता केव्हा मागे पडायचं हे स्वतः ठरवता येऊ लागलं.

आणखी एक गोष्ट जुळली. डस्कनॉयरचा मूळ पोकेमॉन 'डस्कल' ६० एचपीचा, म्हणजे बडी-बडी पॉफिनने तोही आणता येतो. मधली पायरी गाळून मूळ पोकेमॉनवरून थेट शेवटच्या रूपावर नेणारं 'रेअर कँडी' हे कार्ड चारिझार्डसाठी डेकमध्ये आधीच होतं. हवं ते कार्ड शोधायला पिजिऑट होता. नव्या पाहुण्यासाठी घरात सगळी सोय आधीच होती.

मग हा डेक अजिंक्य झाला का?

नाही. याची तीन कारणं आहेत.

एक, नवी कार्डं सगळ्यांसाठी येतात. मे २०२४ च्या 'ट्वायलाइट मास्करेड' मधला 'ड्रॅगापुल्ट एक्स' एका हल्ल्यात पुढच्या पोकेमॉनला २०० नुकसान करतो आणि मागच्या बाकावर ६० नुकसान हवं तसं वाटतो. ६० एचपीचा डस्कल त्यात सहज जातो. शिवाय डस्कनॉयर ड्रॅगापुल्टच्या डेकमध्येही बसतो आणि तसा तो खेळलाही गेला.

दोन, दुधारी कार्ड कधी वापरायचं हे कळावं लागतं. समोरच्याचं एकच प्राइझ उरलं असताना डस्कनॉयर फोडला तर सामना तिथेच संपतो, आणि हरणारे तुम्ही असता.

तीन, जुनी कार्डं बाद होतात. अलीकडच्या कार्डांच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात एक छोटं अक्षर असतं. 'स्टँडर्ड' प्रकारच्या अधिकृत स्पर्धांमधून जुन्या अक्षरांची कार्डं ठरावीक काळाने काढली जातात. ११ एप्रिल २०२५ पासून 'एफ' अक्षराची कार्डं बाद झाली. त्यात चारिझार्डच्या डेकमध्ये वापरलं जाणारं 'फॉरेस्ट सील स्टोन'ही गेलं. एका हाताने संच देतो, दुसऱ्या हाताने वेळ काढून घेते. म्हणून इथला चारिझार्ड समजण्यासाठीचं उदाहरण आहे. आज डेक बांधताना चालू अक्षरं आधी तपासावीत.

पाकीट घ्यायचं की नाही?

आता पुन्हा हिशेब करू. दोन डस्कल, एक डस्क्लॉप्स आणि एक डस्कनॉयर धरले तर ६० पैकी चार कार्डं बदलली. त्यात एकही 'एक्स' नाही, एकही सोनेरी नाही. जुन्या डेकला वर उचललं ते या चार कार्डांनी.

बंद पाकिटात साधारण दहा कार्डं असतात आणि आत काय निघेल हे नशिबावर. उघडायची मजा घ्यायची असेल तर एखादं पाकीट जरूर घ्यावं. डेक मजबूत करायचा असेल तर मात्र हवी ती सुटी कार्डं घेणं किंवा मित्रांशी अदलाबदल करणं जवळपास नेहमीच स्वस्त पडतं. घेण्याआधी जुन्या कार्डावर कागदाची चिठ्ठी लावून घरी दहा डाव खेळून पाहावेत. मोबाइलवरच्या 'पोकेमॉन टीसीजी लाइव्ह' या मोफत ॲपवरही सराव करता येतो.

शाळेबाहेर स्टेशनरीच्या दुकानांत स्वस्तात मिळणारी सोनेरी, प्लास्टिकसारखी कार्डं बहुधा नकली असतात. एचपीचे आकडे भलतेच मोठे, छपाई पुसट आणि कोपऱ्यातलं अक्षर गायब किंवा चुकीचं. जमवायला आणि गॅलरीत बसून खेळायला ती चालतील, पण अधिकृत स्पर्धेत चालत नाहीत. खऱ्याच्या भावात ती कोणी देत असेल तर घेऊ नयेत.

पुढच्या वेळी नवा संच आला, की मुलाला तीन प्रश्न विचारा. तुझा डेक नेमका कुठे अडतो? नव्या कार्डामुळे ती अडचण सुटते का? आणि ते ठेवायला तू कोणतं कार्ड काढणार? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण डेक ६० चाच राहतो. या तिन्हींची उत्तरं मुलाने दिली तर त्याची मागणी विचार करून केलेली आहे, आणि त्या चार कार्डांवर खर्च करायला हरकत नाही.