गळाची घरगुती साधने व त्यांतील काही सुधारणा

नाशिक जिल्ह्यात गोदावरी, दारणा व गिरणा या नद्यांवर धरणे झाल्यापासून अनेक गावांच्या शिवाराला बारमाही पाणी येऊन टेकले आहे. गंगापूर, दारणा, चणकापूर, गिरणा अशा जलाशयांच्या काठी राहणाऱ्या कुटुंबांत गळाने मासे धरण्याची चाल सर्वत्र आढळते. जाळे व होडी यांना भांडवल लागते. गळाला ते फारसे लागत नाही. शेतीची कामे उरकल्यावर घरातील एखादा माणूस तास-दोन तास काठावर बसला, तरी संध्याकाळच्या कालवणाची सोय होते. बाजारातून आणावा लागतो तो केवळ पोलादी गळ व तंगूस. काठी, तरंगा, वजन आणि आमिष ही सर्व घरीच तयार होतात. ही साधने तयार करण्याच्या रीती पिढ्यान् पिढ्या चालत आलेल्या असून त्यांपैकी पुष्कळ उत्तम आहेत. काही मात्र बदलावयास हव्यात. त्यांत शिशाच्या वजनाचा क्रम पहिला लागतो.

प्रथम तरंग्याचा विचार करू. तरंगा हा केवळ मासा लागल्याची खूण नव्हे. आमिष पाण्यात किती खोल राहील हे तोच ठरवितो. कटल्याचे तोंड वरच्या बाजूस वळलेले असते व तो पाण्याच्या वरच्या थरात चरतो. रोहू मधल्या थरात फिरतो. मृगळाचे तोंड खालच्या बाजूस असून तो तळाशी अन्न वेचतो. म्हणून एकाच जागी, एकाच कणकेच्या गोळीने, केवळ तरंगा वरखाली सरकवून निरनिराळे मासे धरता येतात. ज्वारीच्या वाळलेल्या ताटाचे एक पेर सोलून त्यावर वितळलेले मेण चढविले की चांगला तरंगा होतो. मेण नसल्यास आतील भेंड काही वेळाने पाणी पिऊन जड होते. गळून पडलेल्या मोरपिसाची दांडीही या कामी उत्तम. तरंग्याखाली वजन इतकेच असावे की त्याचे टोक तेवढे पाण्यावर दिसेल. बराचसा भाग वर राहिला तर तो ओढून बुडविताना माशाला अडथळा जाणवतो आणि तो आमिष थुंकून टाकतो. पुष्कळांचा मासा ‘चाखून जातो’ तो याच कारणाने. आमिषाला दोष देणे व्यर्थ होय.

काठीसाठी मानवेल योग्य, कारण हा वेळू जवळजवळ भरीव असून लवचीक असतो. काठी सावलीत वाळवावी. तंगुसाची गाठ आवळण्यापूर्वी ती पाण्याने वा थुंकीने ओली करावी. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने तापते व तंगूस तेथेच दुबळे होते. उन्हात पडून पांढुरके झालेले तंगूस वापरू नये.

आता वजनाकडे वळू. आपल्या नद्यांचे पात्र काळ्या खडकाचे. त्याच्या फटींत वजन अडकते, ओढले की तंगूस तुटते आणि गळ, वजन, आमिष सर्व एकदमच जाते. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील नद्यांत सॅमन व स्टीलहेड हे समुद्रातून अंडी घालण्यासाठी नदीत चढणारे मासे गळाने धरतात. (मुंबईच्या बाजारात ‘इंडियन सॅमन’ या नावाने मिळणारा रावस हा त्यांच्या कुळातील नव्हे.) त्या नद्याही खडकाळ, त्यामुळे तेथील हौशी मासेमारांपुढे हीच अडचण होती. त्यांनी ती घरच्या घरी सोडविली: विणलेल्या पोकळ दोरीच्या तुकड्यात छर्रे भरून दोन्ही टोके बंद केली. असे लवचीक वजन गोगलगायीप्रमाणे दगडांवरून सरकत जाते व फटीत सहसा बसत नाही.

हीच युक्ती येथे पैशांत करता येते. बुटाची जुनी, आतून पोकळ असलेली नायलॉनची नाडी घ्यावी. बोटभर लांबीचा तुकडा कापून त्याचे एक टोक मेणबत्तीवर धरावे व वितळू लागताच चिमट्याने दाबावे. मग सायकल दुरुस्तीच्या दुकानातून आणलेले जुने पोलादी छर्रे एकामागून एक आत सोडावेत व दुसरे टोकही तसेच बंद करावे. नाडी सुती असेल तर टोके शिवावी लागतील. हे वजन मुख्य तंगुसाला थेट न बांधता शिवणाच्या साध्या दोऱ्याने लोंबते ठेवावे. ते अडकलेच तर दोरा तुटतो, वजन तेवढे जाते, गळ व मासा हाती राहतात.

छर्रे पोलादीच का, हे समजून घेणे अगत्याचे आहे. गावोगावी जुन्या बॅटरीचे किंवा नळाचे शिसे चुलीवर वितळवून मातीच्या साच्यात ओतण्याची पद्धत आहे. शिसे 327 अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे चुलीवर सहज. परंतु त्या वेळी उडणारी वाफ व राख स्वयंपाकाच्या भांड्यांवर, पिठावर आणि रांगत्या मुलांच्या हातांवर बसते. मुलांच्या रक्तात शिसे गेल्यास त्यांच्या मेंदूची वाढ खुंटते. रक्तातील शिशाचे अमुक प्रमाण निर्धोक आहे असे कोणतेही प्रमाण ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. साच्यात पाण्याचा थेंब राहिला तर त्याची क्षणात वाफ होऊन तापलेले शिसे चेहऱ्यावर उडते, हा धोका निराळाच. तंगुसावर शिशाची गोळी दाताने चावून बसविण्याची सवय तर तात्काळ सोडावयास हवी. मुलांना ही गोळी तोंडात धरू देणे म्हणजे विष चघळावयास देणे होय.

पाण्यात तुटून राहिलेले शिसेही निरुपद्रवी नसते. बदकांसारखे पक्षी अन्न दळण्यासाठी बारीक खडे गिळतात. त्यांबरोबर शिशाच्या गोळ्या पोटात जाऊन ते मरतात. इंग्लंडमध्ये राजहंस अशा रीतीने मरू लागल्यामुळे 1987 साली गळाच्या बहुतेक शिशाच्या वजनांवर बंदी आली. निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर हे रामसर यादीत आलेले महाराष्ट्रातील पहिले स्थळ. तेथे दर हिवाळ्यात बदके उतरतात, आणि गोदावरी व कादवा यांचे पाणी तेथेच एकत्र होते. हे क्षेत्र अभयारण्य असल्याने तेथे वनखात्याचे नियम लागू आहेत, ही गोष्ट काठावरच्या गावांतील कार्यकर्त्यांनी लोकांना स्पष्ट करून सांगावी.

पोलाद शिशापेक्षा हलके असल्याने तेवढ्याच वजनासाठी सुमारे दीडपट जागा लागते, एवढाच काय तो फरक. छर्रे न मिळाल्यास जुनी नट चालते. दगड बांधावयाचा असेल तर तो थोडा मोठा घ्यावा, कारण काळ्या दगडाचे वजन पाण्यात सुमारे एकतृतीयांशाने घटते.

शिकारी माशांसाठी चमच्याचे आमिष करतात. अमेरिकेत ज्यूलिओ ब्यूएल याने 1852 साली अशा आमिषाचे पेटंट घेतले. नावेतून जेवणाचा चमचा पाण्यात पडला व माशाने त्यावर झडप घातली, त्यावरून त्याला ही कल्पना सुचली अशी आख्यायिका आहे. जुना पितळी चमचा दांडी कापून, कडा कानशीने गुळगुळीत करून घ्यावा. दोन्ही टोकांना एकेक भोक पाडून एकीकडे किल्लीच्या लहान कडीने गळ व दुसरीकडे तंगूस जोडावे. चमचा जितका खोलगट तितका तो सावकाश ओढतानाही अधिक डुलतो; सपाट केलेला चमचा लवकर खोल जातो, पण तो जोराने ओढावा लागतो. निवळ पाण्यात व लख्ख उन्हात चिंचेने घासलेला झगझगीत चमचा माशाला बिचकवितो. तेथे काळवंडलेला बरा. ढगाळ दिवशी मात्र तो घासून घ्यावा.

चमचा पाण्यात फिरतो व त्याबरोबर तंगुसाला पीळ पडून गुंता होतो. गुरांच्या दाव्याला पीळ पडू नये म्हणून शेतकरी भोवरकडी लावतात. तीच भोवरकडी, लहान आकाराची, चमच्याच्या हातभर वर बसवावी. ज्याच्या गोठ्यात ती आहे त्याला तिचा उपयोग वेगळा शिकवावा लागत नाही.

मरळीसाठी जिवंत बेडूक गळाला लावतात. बेडूक शेतातील किडे खाणारा असल्याने त्याला मारणे शेतकऱ्याच्याच तोट्याचे. भारताने 1987 साली बेडकांच्या पायांची निर्यात बंद केली. जुन्या रबरी चपलेचा बेडकाएवढा तुकडा कापून, मागे सायकलच्या ट्यूबच्या दोन पट्ट्या पाय म्हणून बांधल्या व तो पाण्यावरून टप्प्याटप्प्याने ओढला तर मरळ त्यावर तितक्याच आवेशाने येते. येथे एक दक्षता मात्र घ्यावीच. पावसाळ्यात पाण्यावर तांबूस पिलांचा थवा हलताना दिसला की त्याखाली त्यांची राखण करणारी मरळ असते, आणि ती चिडलेली असल्याने गळाला हमखास लागते. ती काढली की राखण संपते व इतर मासे सारा थवा खाऊन टाकतात. एका कालवणासाठी शेकडो मरळी गमावणे हा हिशोब कोणत्याही शेतकऱ्याला पटणारा नाही.

गळाच्या टोकाजवळील उलटा काटा पकडीने दाबून सपाट करण्याची सुधारणा अनेकांना प्रथम वेडेपणाची वाटते. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील नद्यांत मात्र असाच गळ वापरण्याचा नियम आहे. तंगूस ताणलेले ठेवले तर मासा सुटत नाही. आणि लहान मासा, अंड्यांनी भरलेली मादी किंवा आता विरळ झालेला महासीर लागल्यास त्याला इजा न होता सोडता येते. बोटात गळ रुतला तर तोही सहज निघतो. जखमेवर धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावेच.

बहुतेक जलाशयांची मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेली असते. तेव्हा गळ टाकण्यापूर्वी त्या संस्थेची परवानगी घ्यावी. सुरुंग किंवा विष वापरून मासे मारणे 1897 च्या कायद्याने गुन्हा ठरविले आहे. तुटलेले तंगूस काठावर टाकू नये. चरावयास आलेली गुरे ते गवताबरोबर गिळतात आणि ते कोठ्यात गुंडाळून बसते. काठीच्या बुंध्याला एक लहान पिशवी बांधून ठेवावी व तुकडे तीत घालून घरी आणावेत.