किरणोपचार आणि धातूंचे सूक्ष्म कण

कर्करोगावरील किरणोपचारांस खेड्यापाड्यांत ‘शेक देणे’ असे म्हणतात. शब्द सोयीचा आहे, परंतु त्याने भलताच समज होतो. पेशीतील आनुवंशिक द्रव्याचे धागे तोडणे, हे या किरणांचे कार्य होय. धागे तुटलेल्या पेशीची वाढ खुंटते व ती मरते. अडचण अशी की, किरण गाठीपर्यंत निरोगी भागातूनच जातात व त्यासही इजा करतात. खर्रा व तंबाखू यांपासून होणारा तोंडाचा कर्करोग आपल्या नागपूरकडे सर्वांच्या परिचयाचा आहे. अशा रुग्णाचे तोंड उपचारकाळात सोलून निघते. घास गिळवत नाही. म्हणूनच किरणांची मात्रा हवी तेवढी वाढविता येत नाही.

यावर शोधलेली युक्ती शिक्षकांस सहज उमगेल. नाणे गिळलेल्या मुलाचे क्ष-किरण चित्र आपण पाहिले असेल. त्यात मांस धूसर, हाडे पांढरी व नाणे त्याहूनही पांढरे दिसते. कारण जड अणू किरण अधिक अडवितात. कॅल्शियमचा अणुक्रमांक 20, लोखंडाचा 26, हाफ्नियमचा 72 आणि सोन्याचा 79. मग असे जड द्रव्य गाठीतच ठेवले तर? हाफ्नियम ऑक्साइडचे सुमारे 50 नॅनोमीटरचे कण सुईने गाठीत सोडतात. एक मिलिमीटरच्या रेषेवर असे 20,000 कण मावतील. हे गणित मुलांकडून फळ्यावर अवश्य करवून घ्यावे. किरण नसता हे कण स्वस्थ पडून राहतात. किरण पडताच त्यांतून इलेक्ट्रॉन उसळतात, भोवतीच्या पाण्याचे रेणू फोडतात आणि जवळच्या पेशींचा नाश वाढवितात. उपचाराचे किरण चित्राच्या किरणांहून फार शक्तिमान असल्याने जड-हलक्याचा भेद तेथे इतका ठळक राहत नाही, हेही सांगितले पाहिजे.

सोन्याच्या कणांचा उंदरांवरील प्रयोग अमेरिकेत 2004 साली प्रसिद्ध झाला. हाफ्नियमच्या कणांस हातापायांच्या व धडाच्या मांसल गाठींसाठी युरोपात 2019 साली मान्यता मिळाली. त्या चाचणीत शस्त्रक्रियेपूर्वी गाठ जवळजवळ पूर्ण मृत झालेले रुग्ण शेकडा 16 होते. केवळ किरण दिलेल्यांत शेकडा 8. लाभ खरा आहे, पण चमत्कार नव्हे. तोंड व घशाच्या कर्करोगासाठी मोठी चाचणी 2022 मध्ये सुरू झाली.

तेव्हा ‘नवे औषध येईल’ म्हणून कोणी थांबू नये. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात व जामठ्याच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत किरणोपचार मिळतात. तोंडाच्या कर्करोगास ते बहुधा आठवड्यातून 5 दिवस, असे 6 ते 7 आठवडे चालतात. तोंड आले म्हणून मध्येच गावी परतणारे रुग्ण आढळतात. खंड पडला की उरलेल्या पेशी पुन्हा वाढतात आणि सोसलेले व्यर्थ जाते.

पालक शिक्षकांस आणखी एक शंका विचारतात. बाहेरील यंत्राने दिलेले किरण यंत्र थांबताच संपतात. अंगात उरत नाहीत. नातवाने आजोबांच्या मांडीवर बसण्यास काहीच हरकत नाही.