लेथ यंत्र, वापरलेले : खरेदीपूर्व तपासणी व साहित्य

धातूच्या कातकामासाठी पूर्वी वापरात असलेले लेथ यंत्र विकत घेताना त्याची अचूकता कितपत शिल्लक आहे, हे ठरविण्याची पद्धती. लहान कारखानदार पुष्कळदा अशाच यंत्रावर उद्योगाचा प्रारंभ करतो. नव्या रंगावरून यंत्राची स्थिती कळत नाही. नट, पट्टे, बेअरिंग हे भाग बदलता येतात. बेडची झीज मात्र प्रत्येक कामात उतरते. म्हणून तपासणी बेडपासून सुरू करतात.

बेड : बहुतेक कामे आखूड असल्याने कॅरेज चकाजवळच अधिक फिरते व बेड तेथे सर्वांत जास्त झिजतो. चकाजवळ कॅरेजचा क्लँप किंचित आवळून हालचाल जड करावी व कॅरेज टेलस्टॉककडे न्यावे. ते वाटेत अडकू लागल्यास झीज असमान आहे असे समजावे. बेड ग्राइंड करून हा दोष काढता येतो. परंतु त्यामुळे कॅरेज खाली बसते व लीड स्क्रूशी त्याचा मेळ पुन्हा साधावा लागतो. हा खर्च किंमत ठरवितानाच हिशेबात घ्यावा.

स्पिंडल : चक काढून स्पिंडलच्या पुढील टोकास डायल गेज लावतात व स्पिंडल हाताने फिरवितात. चांगल्या यंत्रात काट्याचे विचलन सु. ०·०१ मिमी.पेक्षा अधिक नसते. लाकडी दांड्याने स्पिंडल उचलून बेअरिंगमधील ढिलाई पाहतात.

प्रत्यक्ष कातकाम : चकात जाड सळई धरून, टेलस्टॉकचा आधार न देता, दोन ठिकाणी बारीक काप घेऊन व्यास मोजतात. फरक आढळल्यास लगेच यंत्रास दोष देऊ नये. यंत्र समपातळीत नसल्यास बेडला पीळ पडूनही निमुळतेपणा येतो.

साहित्य : तीन व चार जबड्यांचे चक, फेस प्लेट, स्टेडी आणि आटे पाडण्याची बदली दंतचक्रे यंत्राबरोबरच मिळवावीत. उत्पादन बंद झालेल्या बनावटीची दंतचक्रे व स्टेडी मागाहून मिळणे कठीण असते. लीड स्क्रू इंची असल्यास अचूक मेट्रिक आट्यांसाठी १२७ दात्यांचे चक्र लागते. कारण १ इंच म्हणजे २५·४ मिमी., अर्थात १२७ भागिले ५. मोटर थ्री फेज असल्यास तसा वीजपुरवठा उपलब्ध असल्याची खात्री करावी.

विक्रेता यंत्र चालवून दाखवीत नसेल, तर त्याचे मोल दुरुस्तीस आलेल्या यंत्राइतकेच धरावे.